मालागात निवांत वीकेंड: "एवढ्या लांब येऊन नुसतं बसायचं का?"

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, नवऱ्याचं स्पेनमधल्या मालागात तीन महिन्यांचं काम निघालं, तुम्ही सोबत आलात, पहिल्या दोन वीकेंडला ग्रानाडा, सेविया, रोंदा सगळं पळत पळत उरकलंत आणि सोमवारी दोघंही अंग मोडून पडलात. आता जूनमधला पुढचा वीकेंड तुम्हाला निवांत हवाय, तुम्ही शाकाहारी, ते मासेखाऊ, आणि त्यांचं म्हणणं की एवढ्या लांब येऊन नुसतं बसायचं का.

मी नऊ वर्षं मालागात आहे आणि त्यातली सहा-सात वर्षं आपल्याकडच्या लोकांना इथे फिरवणं, खाऊपिऊ घालणं, प्लॅन आखून देणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा. आमच्या घरातही हीच जोडी आहे, मी शाकाहारी आणि नवरा रत्नागिरीचा, म्हणजे समुद्र दिसला की ह्याला आधी भूक लागते.

आधी उत्तर देऊन टाकते. हो, बसायचं. पण कुठे, किती वाजता आणि समोर काय घेऊन बसायचं ह्याला इथे फार महत्त्व आहे, ते चुकलं की निवांत वीकेंडचं उपाशीपोटी भांडण होतं. आमचं झालंय. इथे आल्यावर पहिल्याच शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही मस्त भूक लागली म्हणून बाहेर पडलो, चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी किचन बंद, पाचव्या ठिकाणी एकाने दया येऊन वेफर्सचं पाकीट आणि ऑलिव्हची वाटी पुढे ठेवली. नवरा म्हणाला, ह्यापेक्षा रत्नागिरी स्टँडवर बरं जेवण मिळतं.

तर घड्याळ समजून घ्या. नकाशात बघा, मालागा ग्रिनिचच्याही पश्चिमेला येतं, म्हणजे वेळ खरं तर लंडनची हवी, पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे नेली ती मागे काही आली नाहीत, आणि उन्हाळ्यात त्यावर अजून एक तास चढतो. त्यामुळे जूनमध्ये इथे सूर्य डोक्यावर येतो दुपारी सव्वादोनच्या पुढे आणि मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमारास. आपण म्हणतो काय हे लोक अडीच-तीनला जेवतात, अहो सूर्याच्या हिशोबाने ते बरोब्बर बाराच्या ठोक्याला जेवतायत, आपल्या आजीसारखे. दुपारचं जेवण दीड ते चार, मग किचन बंद, आणि रात्रीचं साडेआठच्या आधी कुठे नाही, स्थानिक लोक तर साडेनऊ-दहालाच येतात. मधल्या वेळात जिथे गरम जेवण मिळतं आणि दारात पाएयाचे, म्हणजे स्पॅनिश भाताचे, रंगीत फोटो लावलेले असतात तिथे जाऊ नका. पाएया मुळात दुपारचा पदार्थ, तोही वालेन्सियाकडचा, ऑर्डर दिल्यावर निदान वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि बऱ्याच ठिकाणी दोघांना मिळूनच करून देतात. पाच मिनिटांत टेबलावर आला तर तो कुठून आला असेल ते तुम्हीच ओळखा.

एकदा हे वेळापत्रक अंगात भिनलं की बाकी काही आखावं लागत नाही. माझा साधा नियम आहे, दिवसाला एकच गोष्ट ठरवायची आणि ती म्हणजे दुपारचं जेवण, बाकीचं सगळं त्या जेवणाच्या अलीकडे आणि पलीकडे आपोआप पडतं.

शनिवारी गजर लावू नका. दहाच्या आसपास खाली उतरा आणि घराजवळच्या कुठल्याही साध्या बारमध्ये नाश्ता करा. बार म्हणजे दारूचाच असं नाही हां, इथे आजोबा-आजी सकाळी बारमध्येच कॉफी पितात. तिथे पितुफो मागा. पितुफो म्हणजे मालागातला छोटासा पाव, तो भाजून त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच. म्हणायचं "पितुफो कोन तोमाते ई आसेइते". टोमॅटो पिकलेला असेल तर ह्याच्यासारखं काही नाही, आणि तेल सढळ हाताने घाला, बाटली टेबलावर त्यासाठीच असते. "पितुफो मिक्स्तो" मात्र तुम्ही मागू नका, त्यात हॅम असतं.

आणि कॉफी. नुसतं "कॉफी द्या" म्हणालात तर समोरचा थांबून तुमच्याकडे बघत राहील, कारण मालागात कॉफीत दूध किती ह्याला वेगवेगळी नावं आहेत. ह्याची गोष्ट छान आहे. कोन्स्तितुसियोन चौकात काफे सेंत्राल नावाचं जुनं कॅफे होतं, २०२२ मध्ये बंद झालं बिचारं. यादवी युद्धानंतरच्या टंचाईत कॉफी महाग, आणि गिऱ्हाईक म्हणणार मला जरा जास्त दूध, मला जरा कमी, मनासारखी नाही झाली की परत पाठवणार, माल वाया. तर मालक होसे प्रादो ह्यांनी ग्लासात कुठपर्यंत कॉफी आणि कुठपर्यंत दूध त्याची एकेक नावं पक्की केली आणि १९५४ साली तो तक्ता फरशांवर रंगवून भिंतीवर लावला. सोलो म्हणजे काळी, लार्गो म्हणजे जवळजवळ काळी, मिताद म्हणजे अर्धी-अर्धी, सोंब्रा म्हणजे सावली, बहुतेक दूधच, आणि नुबे म्हणजे ढग, दुधात कॉफीचा नुसता शिंतोडा. शेवटचा दहावा ग्लास रिकामाच, त्याचं नाव "नो मे लो पोंगा", म्हणजे मला देऊच नका. आता काफे सेंत्राल नाही, पण शब्द गावभर आहेत. आपल्या चहावाल्या जिभेला मिताद बरोबर लागते, नुबे म्हणजे लहानपणी आजारी पडल्यावर मिळायचं तसलं दूध.

नाश्ता झाला की आतारासानास मार्केटला एक चक्कर, शनिवारीच, कारण रविवारी ते बंद असतं आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला आवरतं. दारात जी संगमरवरी कमान आहे ना, घोड्याच्या नालासारखी, ती चौदाव्या शतकातली, अरब राजवटीतल्या जहाजबांधणीच्या कारखान्याची. तेव्हा समुद्र त्या कमानीपर्यंत यायचा, आज तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. आतला लोखंडी सांगाडा एकोणिसाव्या शतकातला. नवऱ्याला मासळीच्या गल्लीत सोडा आणि तुम्ही फळं-भाजीच्या गल्लीत जा, अर्ध्या तासाने मागच्या रंगीत काचेच्या मोठ्या खिडकीखाली भेटा, हा आमचा कायमचा करार आहे. जूनमध्ये चेरी, जर्दाळू, चपटे पीच आणि पहिल्या बहराची अंजिरं येतात. फोडून मुरवलेली आलोरेन्या ऑलिव्ह घ्या, जवळच्या आलोरा गावची, लसूण आणि ओव्याच्या जवळपासच्या वासाची कसलीशी पानं घालून मुरवतात, लोणच्याची तहान भागते. आंबा विचारू नका. पिकतो इथे, पूर्वेकडच्या आखार्कियाच्या डोंगरउतारावर बागाच्या बागा आहेत, पण तो येतो सप्टेंबरच्या आसपास, आणि आला तरी हापूसची आठवण काढून दुकानदारासमोर तोंड वाकडं करू नका, मी केलंय, त्या बाई दोन महिने माझ्याशी धड बोलत नव्हत्या.

आता मुख्य गोष्ट, दुपारचं जेवण. ते शहराच्या मध्यात करायचं नाही. पेद्रेगालेहोला जा. शहराच्या पूर्वेला समुद्रालगतचा जुना कोळीवाडा, त्याच्या पुढे एल पालो, तोही कोळ्यांचाच. अकरा नंबरची बस जाते, पण ऊन फार नसेल तर मालागेता बीचपासून समुद्राच्या कडेकडेने चालत जा, चारेक किलोमीटर आहे, मध्ये बान्योस देल कार्मेन लागतं, १९१८ सालचं समुद्रस्नानाचं ठिकाण, तिथे क्षणभर टेका. पेद्रेगालेहोला बंधारे घालून केलेल्या अर्धचंद्राच्या छोट्या छोट्या पुळणी आहेत आणि त्यांच्या काठाला कोळ्यांची बुटकी घरं, ज्यातली बरीचशी आता खाण्याची ठिकाणं झालीत. वाळूवरच्या अशा ठिकाणाला चिरिंगितो म्हणतात. वाळू करड्या रंगाची आहे आणि खडे बोचतात, रबरी चपला घेऊन जा.

चिरिंगितोच्या दारात एक जुनी होडी ठेवलेली असते, वाळूने भरलेली, त्यात ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव. तिथे उभा असतो एस्पेतेरो, म्हणजे तारली भाजणारा. बसायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याजवळ उभे राहा, कोणी हाकलत नाही. तो बोरूसारखी चपटी, टोकदार केलेली वेताची काडी घेतो आणि सहा तारली एकापाठोपाठ एक तिच्यात ओवतो, काडी मणक्याच्या खालून जाईल अशी, म्हणजे भाजल्यावर मासा स्वतःच्याच काट्यावर लटकून राहतो, गळून पडत नाही. मासा साफ करत नाहीत, खवलंसुद्धा काढत नाहीत, वरून फक्त जाडं मीठ. मग ती काडी वाळूत तिरकी रोवतो, विस्तवाच्या बाजूला, वर नाही, आणि वारा कुठून येतोय ते बघून होडी फिरवतो, धूर माशाला लागता कामा नये. एकदा उलटतो, झालं. ह्या काडीला एस्पेतो म्हणतात. पहिल्यांदा खाताना माझ्या नवऱ्याने त्या एस्पेतेरोला खुणेने विचारलं, मसाला? त्याने लिंबाची फोड दिली आणि हातातला काटा-चमचा काढून घेतला. तारली हातानेच खायची, इथे त्याची दंतकथाच आहे, १८८५ साली राजा बारावा आल्फोन्सो भूकंपग्रस्त भागाचा दौरा करायला आला तेव्हा एल पालोत त्याने काट्या-सुरीने खायला घेतलं आणि मिगेल नावाच्या एस्पेतोवाल्याने त्याला सांगितलं की महाराज असं नाही, बोटांनी. खरंखोटं देव जाणे, पण दौरा खरा आहे आणि सल्लाही बरोबर आहे. आमच्या घरी त्या दिवसापासून मसाल्याचा विषय निघाला नाही.

आणि तुम्ही अगदी वेळेवर आलायत. इथे म्हणतात की ज्या महिन्याच्या नावात 'र' नाही त्या महिन्यात तारली खावी, म्हणजे स्पॅनिशमध्ये मायो, हुनियो, हुलियो, आगोस्तो, मे ते ऑगस्ट, तेव्हा तिला चरबी चढलेली असते. कोकणात जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला, आणि इथे नेमका तोच हंगाम. नवऱ्याला एवढं एक वाक्य ऐकवा, "नुसतं बसायचं का" हा प्रश्न परत येणार नाही. तारलीशिवाय त्यांनी बोकेरोनेस घ्यावेत, तळलेले, आपल्या मांदेलीचे लांबचे भाऊ, मालागाच्या लोकांना बाकीचे स्पॅनिश गमतीने बोकेरोनच म्हणतात. एल पालोत एल तिंतेरो म्हणून एक प्रसिद्ध ठिकाण आहे, तिथे मेन्यू नाही, वेटर हातावर ताटल्या घेऊन ओरडत फिरतात, हवी ती हात वर करून घ्यायची आणि शेवटी ताटल्या मोजून बिल, पंगतीत वाढपी जिलबी जिलबी करत फिरतात तसं. मजा येते, पण कान किटतात, ह्या वीकेंडला नको, पुढे कधी पाहुणे आले की जा.

तुमचं काय? तर सगळ्यात पहिले बेरेन्हेनास कोन मिएल. वांग्याचे पातळ काप किंवा काड्या तळून वरून मिएल दे कान्या, शब्दशः उसाचा मध, म्हणजे काय ते पहिल्या घासाला कळेल, काकवी! मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळ्यात पाणीच आलं, वांग्याचे काप आणि काकवी, म्हणजे आजोळच. ती काकवी इथून तासाभरावरच्या फ्रिहिलियाना गावात होते, युरोपच्या मुख्य भूमीवर ती अजून बनवणारा तेवढा एकच कारखाना उरलाय. ऊस अरबांनी ह्या किनाऱ्यावर आणला, ऊस काय आणि वांगं काय, दोन्ही आपल्याच बाजूने निघून पश्चिमेकडे सरकलेले, स्पॅनिश 'आसुकार' मागे मागे नेला तर शर्करेपाशी पोचतो. तर ताटात पाहुणे आपणच आहोत, संकोच करू नका. त्याशिवाय आहोब्लांको घ्या, बदाम, लसूण, पाव, तेल वाटून केलेलं थंडगार पांढरं सार, त्यात द्राक्षं. जूनच्या उन्हात त्याच्यापुढे गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं थंड सार, फिका. तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं चालत असेल तर.

सावधगिरी अशी की "सिन कार्ने", मांस नको, एवढं म्हणून भागत नाही, कारण हॅम म्हणजे मांस असं इथे बऱ्याच जणांना वाटतच नाही, ते त्यांच्या हिशोबात कोथिंबिरीसारखं आहे, वरून भुरभुरायचं. साल्मोरेखो आणि पोर्रा ही थंड सारं शाकाहारी वाटतात पण वर अंडं आणि हॅम येतं, मिक्स सॅलडमध्ये ट्यूना असतो, "सँडविच वेहेताल" नाव ऐकून फसू नका, त्यातही ट्यूना. सरळ म्हणा, "सोय वेहेतारियाना, नी हामोन, नी आतून, नी पेस्कादो", म्हणजे मी शाकाहारी, हॅम नको, ट्यूना नको, मासा नको. आणि तळण्याचं तेल माशाचं आणि वांग्याचं एकच असू शकतं, ते तुम्हाला चालत नसेल तर कोळीवाड्यात त्याला उपाय नाही, मी स्वतः त्याकडे काणाडोळा करायला शिकले, तुमचं तुम्ही ठरवा.

जेवण झालं की उठायचं नाही. हे मी खास लिहिते कारण आपले लोक हमखास इथे चुकतात. जेवणानंतर टेबलावरच गप्पा मारत बसणं ह्याला इथे सोब्रेमेसा असा शब्दच आहे आणि तो जेवणाचाच भाग आहे. बिल कोणी आणून देणार नाही, तुम्ही मागेपर्यंत नाही, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे उठा म्हणण्यासारखं. माझ्याकडचे एक काका पाऊण तास बिलाची वाट बघत बसले, मनात म्हणत होते काय ही सर्व्हिस, आणि वेटर बिचारा मनात म्हणत होता, काय निवांत माणसं आहेत. उठायचं झालं की "ला कुएंता, पोर फाव्होर". टिपची सक्ती नाही, थोडी चिल्लर ठेवली तरी छान.

ह्या सोब्रेमेसात एक गोष्ट होते जी मी कित्येक जोडप्यांच्या बाबतीत बघितलीय. पहिली वीस मिनिटं दोघंही फोनमध्ये असतात, मग बॅटरी किंवा उत्सुकता संपते, मग उद्या काय करायचं ह्यावर थोडं बोलणं होतं, मग तेही संपतं, आणि त्यानंतर कुठेतरी ते कधीचं अर्धवट राहिलेलं काहीतरी बोलायला लागतात, घराचं, आईबाबांचं, नोकरीचं. एका जोडप्याने मला सांगितलं की लग्नाला सहा वर्षं झाली, सलग तीन तास एका टेबलावर आम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा बसलो नव्हतो. हे ग्रानाडाच्या बसमध्ये होत नाही, कारण तिथे पुढचं तिकीट किती वाजताचं हे डोक्यात असतं.

पाच वाजता घरी जा आणि झोपा, वामकुक्षी, लाज नको. समुद्रात जायचं असेल तर झोपून उठल्यावर, साडेसात-आठला, ऊन तेव्हाही भरपूर असतं पण भाजत नाही. पाण्याबद्दल आधीच सांगते, थंड आहे. भूमध्य समुद्र म्हणून लोक कोमट पाण्याच्या आशेने येतात, पण जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी आत येतं ते पहिलं ह्याच किनाऱ्याला लागतं, जूनमध्ये एकोणीस-वीस डिग्री म्हणजे पहिला पाय घातल्यावर "आई गं" येतंच तोंडातून. भरती-ओहोटी मात्र आपल्यासारखी नाही, जेमतेम, दुपारी टॉवेल टाकला तेव्हा समुद्र जिथे होता तिथेच संध्याकाळीही असतो, रत्नागिरीचा माणूस ह्यावर पहिले काही दिवस विश्वासच ठेवत नाही, दर अर्ध्या तासाने चपला उचलून मागे ठेवत होता आमचा. बायका वरच्या कपड्याशिवाय पहुडलेल्या दिसतील, आजीच्या वयाच्यासुद्धा, इथे त्याचं कोणाला काही नाही, आपणही नजर समुद्राकडे ठेवायची. बीचवर लाल झेंडा असेल तर पाण्यात नाही म्हणजे नाही, पिवळा असेल तर गुडघ्यापर्यंत.

एक गोष्ट प्लॅन उधळू शकते, तेर्राल. हा डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा गरम वारा, तो सुटला की तासाभरात ओव्हन उघडल्यासारखं होतं, पारा चाळिशीकडे जातो, आणि गंमत म्हणजे तो वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलून देतो त्यामुळे समुद्र नेमका त्याच दिवशी बर्फासारखा होतो. तेर्राल असेल तर पेद्रेगालेहो रविवारवर ढकला आणि शनिवारी खिडक्या बंद, पडदे खाली, घरात कलिंगड. खिडक्या उघडू नका, आपल्याला सवय असते वारा येऊ दे म्हणून, इथे उलटं.

शनिवारी रात्री काही ठरवू नका. नऊच्या सुमाराला लोक नुसते चालायला बाहेर पडतात, बाबागाड्या, म्हातारेकोतारे, सगळे, त्याला पासेओ म्हणतात, त्यात मिसळा. बंदरावरून दीपगृहापर्यंत जा, १८१७ चं आहे, ला फारोला म्हणतात, स्पेनमध्ये दीपगृहाला बहुतेक पुल्लिंगी नाव असतं, हिला स्त्रीलिंगी. गोड वाइन चालत असेल तर १८४० पासूनच्या आंतिग्वा कासा दे गुआर्दियात उभ्याउभ्या एक छोटा ग्लास, पिंपातून भरून देतात आणि हिशोब खडूने लाकडी फळीवर तुमच्यासमोर लिहितात. मग कुठेतरी काहीतरी हलकं खा, नाहीतर घरी येऊन वरणभात, तोही चालतो.

रविवार. रविवारचं मी मुद्दाम कमी लिहिते कारण रविवारी कमीच करायचंय. शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवा, रविवारी बरीच दुकानं बंद. सकाळी तेहेरिंगो, म्हणजे मालागातले चुरोस, तळलेल्या पिठाच्या कांड्या, कासा आरांदात घट्ट चॉकलेटमध्ये बुडवून, १९३२ पासून चालू आहे, अकराला रांग असते पण सरकते. नवऱ्याला काहीतरी "बघितलं" असं वाटायलाच हवं असेल तर दुपारी दोननंतर आल्कासाबा फुकट असतं, अकराव्या शतकातला अरबांचा किल्ला-राजवाडा, पाण्याचे पाट, जाई, सावली, आणि पायथ्याला रोमन नाट्यगृह, जे १९५१ पर्यंत जमिनीखाली होतं, कोणाला पत्ताच नव्हता. दोन वाजता जेवणाची वेळ असल्यामुळे तिथे गर्दीही कमी. पिकासो इथलाच, १८८१ चा जन्म, त्याचं म्युझियम चांगलं आहे पण रविवारी संध्याकाळी फुकटच्या वेळेत रांगेत तास जातो, ते एखाद्या मंगळवारी तुम्ही एकट्या जाऊन या, खरंच, एकटीने जास्त छान वाटतं. पैसे खर्च करायची तयारी असेल तर जुन्या अरबी धर्तीचा हम्माम आहे शहरात, गरम-कोमट-गार पाण्याचे हौद, अंधुक उजेड, पुदिन्याचा चहा, दीड तास, आधी बुकिंग लागतं. माझ्या अनुभवाने जोडप्यांसाठी हा खर्च वसूल होतो, कारण आत फोन नेता येत नाही आणि मोठ्याने बोलता येत नाही, म्हणजे भांडताही येत नाही.

नेर्हा आणि फ्रिहिलियाना रविवारी एका दिवसात "उरकू" का असं तुम्ही विचारलंत. नका. गावं सुंदर आहेत ह्यात वाद नाही, नेर्हाच्या गुहा १९५९ साली पाच पोरांना सापडल्या ती गोष्टच ऐकण्यासारखी आहे, पण तिथे रेल्वे नाही, बसने तास-सव्वा तास, मग फ्रिहिलियानाला वर चढणारी दुसरी बस, त्यात रविवारी फेऱ्या कमी, म्हणजे दिवसभर तुम्ही वेळापत्रक हातात धरून उभे राहणार. जायचं तर शनिवारी दुपारी जाऊन एक रात्र तिथेच राहायचं, दिवसभराचे टूरवाले परत गेले की पांढऱ्या गल्ल्या रिकाम्या होतात, मांजरं बाहेर येतात, आणि ते गाव मग वेगळंच असतं. तो वीकेंड सप्टेंबरचा ठेवा... नाही, तुम्ही तोवर परत गेलेला असाल, तर जुलैच्या सुरुवातीचा ठेवा, मी राहण्याचं सुचवते.

नवऱ्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य. काही माणसांना खरंच बसवत नाही, बसलं की त्यांना अपराधी वाटतं, माझ्याकडे अशी निम्मी तरी येतात. त्यांना मी हातात काम देते. रविवारी सकाळी त्यांना पेद्रेगालेहोच्या किनाऱ्यावर पाठवा, तिथे हाबेगा नावाच्या लांब होड्या वल्हवण्याचा सराव चाललेला असतो, नाळेवर दोन्ही बाजूंना मोठे डोळे रंगवलेले, फिनिशियन ह्या प्राचीन दर्यावर्दी लोकांपासूनची रीत म्हणतात. रत्नागिरीचा नसला तरी कुठलाही माणूस तिथे अर्धा तास उभा राहतो. आणि १६ जुलैला तुम्ही अजून इथेच असाल तर संध्याकाळी दोघंही एल पालोला जा, त्या दिवशी कोळी विर्हेन देल कार्मेनची, म्हणजे त्यांच्या राखणदार मेरीमातेची, मूर्ती खांद्यावरून समुद्रात नेतात, होडीत बसवतात, सगळ्या होड्या मागोमाग, भोंगे, फटाके, बायका गुडघाभर पाण्यात. नारळी पौर्णिमा आठवेल. माझा नवरा दरवर्षी त्या दिवशी सुट्टी टाकतो, आणि दोन वर्षांपूर्वी त्याने गुपचूप एक नारळही आणला होता. एक म्हातारा कोळी बघत होता, त्याने विचारलं हे कशासाठी, ह्याने मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, समुद्र शांत व्हावा म्हणून, तर तो म्हणाला, मग टाक की, वाट कसली बघतोस.

बाकी २३ जूनच्या रात्री, सान हुआनच्या सणाला, बीचवर शेकोट्या असतात आणि मध्यरात्री सगळे पाण्यात जातात, तुमच्या वीकेंडच्या जवळच येईल, दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तरी तेवढं चुकवू नका. जाड टॉवेल न्या, पाणी थंड आहे हे वर सांगितलंच आहे.